अनुभव धागा : रिग्ली फील्डवरची तुमची पहिली मॅच

शिकागोत राहणारा प्रत्येकजण कधी ना कधी रेड लाइनने ॲडिसनला उतरून रिग्लीला गेलेला असतोच. 1914 चं स्टेडियम, तेही भर वस्तीत, समोर लोकांची घरं. बेसबॉल कळतं का हा प्रश्नच नाही, तिथली माणसं कशी वाटली ते लिहा. मीच सुरुवात करते. मला ओ की ठो कळत नव्हतं आणि शेजारी एक आजी पेन्सिलने स्कोअरकार्ड भरत बसल्या होत्या. प्रत्येक फील्डरला नंबर असतो, शॉर्टस्टॉप सहा, फर्स्ट बेस तीन, म्हणून तिकडून इकडे थ्रो होऊन आउट झाला की 6-3 लिहायचं. चौथ्या इनिंगला त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि पुढचं सगळं माझ्याकडून लिहून घेतलं. कब्स, म्हणजे रिग्लीची टीम, हरले. ते कार्ड अजून आहे माझ्याकडे.

*

ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफील्डमागच्या उघड्या बाकांवर, बसा एकदा तरी!! समोरच्या टीमने होमरन मारला, बॉल थेट प्रेक्षकांत, आमच्या पुढच्या रांगेतल्या माणसाने काय भारी झेलला, आणि सगळे ओरडायला लागले, परत फेक. मला वाटलं मस्करी चाललीय, पण त्याने खरंच फेकला मैदानात. दुसऱ्यांचा होमरन घरी न्यायचा नाही, बस. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या त्याला.

*

आउटफील्डच्या भिंतीवर 1937 मध्ये लावलेली वेल आहे, बॉल त्यात अडकला की फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. बाबा पुण्याहून आले होते, त्यांना कोणी समजवावं लागलं नाही, म्हणाले अरे ही तर आपली गल्ली क्रिकेटची टू डी.

*

मी 2016 चं लिहितो. 1908 नंतर कब्स वर्ल्ड सिरीज थेट तेव्हा जिंकले, 108 वर्षांनी. फायनलची सातवी मॅच क्लीव्हलंडला होती, दहाव्या इनिंगच्या आधी पाऊस आला, 17 मिनिटं खेळ थांबला आणि मग 8-7. दुसऱ्या दिवशी ऑफिसनंतर रिग्लीला गेलो तर बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोक रंगीत खडूंनी नावं लिहीत होते, जे हा दिवस बघायला उरले नाहीत त्यांची, आजोबा, आई, शेजारी, कोणाकोणाची. हात पोचेल तिथपर्यंत भिंत भरलेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला, मी उंच म्हणून, हाक मारली आणि भावाच्या नावाचं एकेक अक्षर सांगत राहिले, मी टाचा वर करून लिहिलं. एक अक्षर चुकलं तर स्वतःच्या बाहीने पुसायला लावलं त्यांनी. बरोबर होतं त्यांचं, नाव चुकून कसं चालेल.

*

वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी हॉस्पिटलमध्ये कामाला आहे, येताजाता ट्रेनमधून फक्त स्कोअरबोर्डवरचा झेंडा बघते. पांढऱ्यावर निळा डब्ल्यू म्हणजे जिंकले, निळ्यावर पांढरा एल म्हणजे हरले. डब्ल्यू असला की डब्यातले अनोळखी लोकसुद्धा एकमेकांशी बोलतात. सहा वर्षं झाली, आत अजून गेले नाहीये. शनिवारी दुपारची मॅच आहे आणि मला सुट्टी आहे, कोणी येतंय का?