१६१३ चं इंजिन बांधू की बदलू? (मदत हवी आहे)

धागाकर्ता: आंबाघाट_खेप

नमस्कार मंडळी. गाडी म्हणजे टाटा १६१३ ट्रक, २०११ चं मॉडेल, ६९७ इंजिन, साधा इनलाइन पंप. वडिलांनी शोरूममधून नवी घेतलेली. आधी तेच चालवायचे, सहा वर्षं झाली मी चालवतो. कोल्हापुरातून पशुखाद्य नाहीतर सिमेंट भरून खाली लांज्याकडं जायचं आणि येताना जांभा चिरा घेऊन आंबा घाटानं वर यायचं. महिन्याला बारा-तेरा खेपा होतात. मीटर ६ लाख ४० हजारावर बंद पडलाय, खरं रनिंग देवाला ठाऊक.

२०१९ ला हाफ काम केलं होतं. हेड उतरवून व्हॉल्व घासले, रिंगा टाकल्या. क्रँकला हात लावला नव्हता.

आता त्रास असा. दिवाळीपासून गाडी ऑइल खायला लागलीय, चारशे किलोमीटरला लिटरभर. सकाळी निळा धूर, घाटात लोडवर काळा. ऑइलचं झाकण उघडून नुसतं वर ठेवलं तरी थडथड उडतं, एवढं बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला गॅस रिंगांवरून खाली येतोय. साखरप्यातून वर निघालं की पहिल्या चार-पाच वळणांतच टेंपरेचर चढतं. पूर्वी जिथं तिसऱ्या गिअरला निघायची तिथं आता दुसऱ्याला रडते. अ‍ॅव्हरेज साडेचारचं साडेतीनवर आलंय. गरम झाली की आयडलला ऑइल प्रेशरचा काटा पार खाली बसतो.

आमचा मिस्त्री म्हणतो परत हाफ करू, साठ हजारांत भागेल. दुसऱ्यानं फुल कामाचे, म्हणजे लायनर-क्रँकसकट सगळं इंजिन बांधायचे, पावणेदोन लाख सांगितले. तिसरा एक जण जुनं इंजिन देतो म्हणतोय, सव्वा लाखाला, "उचलायचं, बसवायचं, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर". कंपनीकडचं रिकंडिशन इंजिन आपलं जुनं देऊन मिळतं असंही ऐकलंय, पण आमच्या अंदाजानं ते अडीचच्या पुढं जाईल. आणि गाडी आहे तशी विकली तर सव्वातीन लाखाला गिऱ्हाईक आहे.

वडील म्हणतात, चासीला गंज नाही, बँकेचा हप्ता नाही, मग विकायची कशाला? बायको म्हणते, पंधरा वर्षांच्या गाडीत आणखी दोन लाख कशाला? दोघांचंही पटतं. नवीन गाडी पंचवीस लाखांच्या आसपास, ते धाडस नाही. काय करू?

उद्यमनगर_बोअरिंग

भावा, तू पाच भाव विचारलेस, पण इंजिन नेमकं कशानं गेलं ते कुणी बघितलं का? ते कळल्याशिवाय पावणेदोन लाख काय आणि साठ हजार काय, दोन्ही अंधारात.

हाफचं तेवढं डोक्यातून काढ. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, झिजतो तो सरळ गोल झिजत नाही. वर, जिथं पहिली रिंग फिरते तिथं जास्त, खाली कमी, आणि थ्रस्टच्या बाजूला, म्हणजे पिस्टन जिकडं दाबतो तिकडं, लांबट. अशा लायनरात नवीन रिंग टाकली की ती चार जागी टेकते आणि चार जागी नाही. सहा महिने बरं वाटतं, मग परत झाकण उडायला लागतं. २०१९ ला तेच झालं असणार. शिवाय गरम झाल्यावर प्रेशर पडतंय म्हणजे बेअरिंग किंवा ऑइल पंपावर संशय आहे. वरून कितीही काम केलंस तरी ते सुधारणार नाही.

चिरेखाण_राजापूर

दादा, मी खाणीवर गाड्या भरतो म्हणून एक विचारतो. एअर फिल्टरच्या पुढचा, म्हणजे फिल्टर ते टर्बो, तो रबरी पाइप काढून आतून बोट फिरवलंत का? आमच्या इथल्या लाल धुळीनं किती इंजिनं खाल्लीत त्याची गणती नाही. फिल्टर नवा असतो, पण पाइप क्लिपखाली चिरलेला असतो. बोटाला लाल लागलं तर समजायचं की इंजिन वयानं नाही, मातीनं गेलंय. हे आधी बघा. नवीन इंजिन बसवून तोच पाइप लावलात तर तेही वर्षात जाईल.

ताई_स्पेअरपार्ट

आमचं दुकान आहे, त्यामुळे मी दोन्ही बाजू ऐकते. जुन्या इंजिनाचं सांगते. इंजिन नंबर आरसीवर असतो. बदललं की आरटीओत नोंद करावी लागते, विम्यातही कळवावं लागतं. ज्या गाडीतून ते काढलं त्या गाडीचे कागद विकणारा देतोय का ते विचारा. "कागदाचं बघू नंतर" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. तुमच्या गाडीला आठ वर्षं कधीच उलटलीत, म्हणजे दरवर्षी पासिंग. तिथं नंबर जुळला नाही तर गाडी उभी राहील आणि खेपा बुडतील त्या वेगळ्याच. आणि बंद इंजिन आतून कसं आहे ते कुणालाच माहीत नसतं. रंग मात्र छान मारलेला असतो.

नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. तुमचाच ब्लॉक चांगला असेल तर नंबर तोच राहतो, कागदाचा प्रश्नच येत नाही. हा फायदा पैशात धरा.

हायवे_निवृत्त

मी जरा उलटं बोलतो. पंधरा वर्षांनंतर पासिंगची फी चांगलीच वाढते, ती हिशेबात धरा. नॅशनल परमिटवर असाल तर दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला बारा वर्षांची मर्यादा आहे, पण तुम्ही राज्यातच फिरता, ती अडचण नाही. गाडी आणखी किती वर्षं चालवणार ते आधी ठरवा. एकच वर्ष काढायचं असेल तर सव्वातीनला देऊन मोकळे व्हा. चार वर्षं काढायची असतील तर फुल काम चार वर्षांवर वाटून बघा, महिन्याला साडेतीन-चार हजार येतात. डिझेलला किलोमीटरमागं जे जादा जातंय त्यातच त्यातले बरेच वसूल होतील. वहिनींना हा हिशेब कागदावर दाखवा. नुसता वडिलांचा जीव अडकलाय म्हणून करू नका.

उद्यमनगर_बोअरिंग

चिरेखाणवाल्यांचं बरोबर आहे, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाइप बघितलास की टर्बोचं चाकही बघ. पात्यांच्या कडा खाल्लेल्या असतील तर धूळच. ऑइल फिल्टर कापून कागद उलगड, चमचम दिसली तर बेअरिंग झिजलंय. आणि रेडिएटर. टेंपरेचर चढतंय त्याला फक्त इंजिनच कारण आहे असं धरू नकोस.

आंबाघाट_खेप

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. रविवारी पाइप काढला. बोट लाल. नुसतं लाल नाही, ऑइलमध्ये कालवलेलं कुंकू लावावं तसं. इंजिनच्या बाजूच्या क्लिपखाली बोटभर चीर होती, वरून दिसतच नव्हती. टर्बोच्या पात्यांच्या कडा धारदार असायच्या ऐवजी बोथट. मिस्त्रीला दाखवलं तर म्हणाला, "असू दे, होतंच असतंय." त्याला नमस्कार केला.

हेड उद्यमनगरात उतरवलं. लायनरच्या वरच्या कडेला नख अडकतं. तिसरा सिलिंडर सगळ्यात वाईट, गेजवर ९७.३१. क्रँक अजून स्टँडर्डवर होता, म्हणजे आधी कधी घासलेला नव्हता, आता पहिल्या घासाईत, दहा साइजला, साफ होतोय. ब्लॉकला तडा नाही. रेडिएटरची टाकी उघडली तर निम्म्या नळ्या क्षारानं बंद.

फुल करतोय, माझ्याच ब्लॉकवर. लायनर-पिस्टन किट, बेअरिंग, ऑइल पंप, टर्बोचं काम, नोझल, रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई), सगळं धरून एक लाख ९२ हजार. बायकोला हिशेब दाखवला. ती म्हणाली, मीटर पण दुरुस्त करा. ते राहिलंच होतं.

शेवटचं विचारतो. इंजिन बसल्यावर पहिले काही दिवस गाडी रिकामीच फिरवावी का?

उद्यमनगर_बोअरिंग

रिकामी नको. आयडलला तासन्‌तास तर अजिबात नको. बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंगा बसत नाहीत, मग परत ऑइल खाते. सुरुवातीला निम्मा माल भर, सपाटीवर चालव, एकाच आरपीएमला धरून ठेवू नकोस, रेस कमीजास्त होऊ दे. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदल, हेडचे बोल्ट मिस्त्रीकडून बघून घे. चिरा भरून आंबा घाट त्यानंतर.

चिरेखाण_राजापूर

आणि तो पाइप ओरिजिनल घ्या, दादा. क्लिप दोन लावा.