हेंडनची सीट पुढच्या वेळी कुणाची? 15 मतांवर आलाय गडी

रंकाळा_कट्टा
मंडळी, माझी भाची लंडनात हेंडन भागात राहते. तिच्याकडनं कळालं की तिथला लेबरचा खासदार डेव्हिड पिंटो-डुशिन्स्की 2024 ला 15,855 विरुद्ध 15,840 असा निवडून आला, समोर कॉन्झर्वेटिव्हचे अमीत जोगिया. आपल्याकडं वायकर 48 मतांनी आले तर केवढा राडा झालेला आणि हितं तर 15! आता लेबरची हवा पण गेलीय म्हणतात, मग सीट कॉन्झर्वेटिव्हची पक्कीच धरायची का?

गंगावेशकर
पक्की कशाची भावा. हेंडन वाऱ्यावर चालतंय. 1997 पासनं लेबरचे डिसमोर होते, 2010 ला कॉन्झर्वेटिव्हचे ऑफर्ड 106 मतांनी आले, 2019 ला त्यांचीच आघाडी 4,230. तरी एक गोष्ट हाय, 2024 ला देशभर कॉन्झर्वेटिव्ह 121 वर आपटली आणि हितं 15 नंच गेली, म्हणजे तिथला त्यांचा मतदार लई चिवट. नुसतं दोघांतच असतं तर मीबी तुझ्यासारखंच म्हटलो असतो, पण आता रिफॉर्म हा तिसरा, उजवा पक्ष हाय की मधी. मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत त्यांनी दोन्ही जुन्या पक्षांना धुतलं (लंडनात तेव्हा मतदान नव्हतं म्हणा). ती मतं बहुतेक कॉन्झर्वेटिव्हचीच खाणार आणि ग्रीन पक्ष लेबरची, कुणाची कमी फुटतात त्यावर सगळं.

कसबा_बावडा
+1. लीस्टर ईस्ट बघा, लेबरचा गड, पण 2024 ला कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब हे दोघं माजी लेबरवाले वेगवेगळे उभारले आणि शिवानी राजा 4,426 नी निघाली. लेबरची लाट असताना कॉन्झर्वेटिव्हनं त्यांच्याकडनं हिसकावलेली तेवढी एकच सीट! बंडखोर हितं काय आणि तितं काय.

सध्या_लंडनात
ते राहू दे, भाचीचं नाव यादीत हाय का? भारतीय पासपोर्टवर, अगदी स्टुडंट व्हिसावर असली तरी तिथं राहत असेल तर पार्लमेंटला मत टाकता येतं, फक्त आधी नाव नोंदवायचं आणि जाताना फोटोवालं ओळखपत्र न्यायचं, आपला पासपोर्ट चालतो. निम्म्या पोरांना हे माहीतच नसतंय.

रंकाळा_कट्टा
काय सांगताय! ती तर म्हणत होती सिटिझन झाल्याशिवाय नाही जमत.

सध्या_लंडनात
व्हय ओ, भारतासारख्या कॉमनवेल्थ देशवाल्यांना जमतंय. ऑनलाइन पाच मिनटाचं काम हाय. 2029 च्या ऑगस्टपर्यंत कधीबी निवडणूक लागू शकते, आत्ताच करायला सांगा.