'रिपीट म्हणजे बापाच्या पैशावर चैन': त्या पोस्टला माझं उत्तर

शिरोळची लेक
परवा आमच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. "बारावी रिपीट करणारी पोरं म्हणजे बापाच्या उसाच्या बिलावर वर्षभर रंकाळ्यावर भेळ खात फिरणारी जमात. एकदा झेपलं नाही ते दुसऱ्यांदा काय झेपणार? गुमान बीएस्सीला जावं." खाली अंगठ्यांची रांग. लिहिणारे काका इथंही आहेत, म्हणून इथंच उत्तर देते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझ्या भावाची पोरगी. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४१, बायो ६२. बेरीज १४८. आम्ही ओपन, म्हणजे ३०० पैकी १५० पाहिजेत. दोन मार्क! एमबीबीएस राहू दे, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सगळीकडं तीच ५० टक्क्यांची अट. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ७२० पैकी ७२० पडले असते तरी दारातच अडवली असती. पडले ४३१. म्हणजे दोन्ही परीक्षा परत द्यायच्या, फेब्रुवारीत बोर्ड आणि मे महिन्यात नीट. भाऊ म्हणतो मायक्रोबायोलॉजी घे. पोरगी आठ दिवस घरात कुणाशी बोलली नाही, आणि नवव्या दिवशी स्वतःच टाइमटेबल करून भिंतीला लावलं. मी म्हणते तिला वर्ष द्यावं. काका, ह्यात भेळ कुठं आली?

उद्यमनगरवाला
ती पोस्ट माझी. मागं घेत नाही.

ताई, तुमची पोरगी अपवाद असंल. मी रोज काय बघतो ते सांगू का? सीएनसी मशीनवर बसायला पोरगा मिळंना. ऑर्डरी पडून आहेत, परप्रांतातनं माणसं आणून, खोल्या घेऊन देऊन काम चालवतोय. आणि आमची विशीतली पोरं घरात 'प्रिपरेशन' करतात. कशाचं प्रिपरेशन विचारलं की बापाला अक्कल नाही. आयटीआय केलेला टर्नर माझ्याकडं तीन वर्षांत स्वतःच्या पगारावर गाडी घेतो. पण त्याला स्थळ येत नाही आणि रिपीटरला 'डॉक्टर होणार आहे' म्हणून येतं. हे बरोबर आहे का?

गंगावेशीतला
काका, विषय बारावीचा आहे, लेथ मशीनचा नाही.

आणि एका गोष्टीत सगळेच घोळ घालतात. बारावी परत देणं वेगळं, प्रवेश परीक्षा परत देणं वेगळं. सीईटीनं इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला बोर्डाचे मार्क फक्त पात्रतेपुरते लागतात, ओपनला ४५ टक्के. तेवढे असतील तर बोर्ड परत देणं म्हणजे नुसती हौस. आयआयटीवाल्यांना ७५ टक्के लागतात, पण तिथं बारावी रिपीट करून घड्याळ मागं फिरत नाही. पहिल्यांदा बारावीला बसलात ते वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष, तेवढ्यातच आयआयटीची जेईई अॅडव्हान्स्ड. माझ्या मावसभावाला हे दुसऱ्यांदा बोर्ड दिल्यावर कळलं. नीटला मात्र कितीही वेळा बसा.

खडूची धूळ
मी ३४ वर्षं ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवली. आता निवृत्त. ताई, राग मानू नका, पण ४१ चा हिशोब करा. प्रॅक्टिकलचे ३० पैकी २६-२७ आजकाल सगळ्यांनाच मिळतात. ते काढले तर लेखी ७० पैकी १४-१५ उरतात. पोरगी ढ नाही, ढ पोरीला नीटला ४३१ पडत नाहीत. मग तिनं बोर्डाचं पुस्तक उघडलंच नसणार. इंटिग्रेटेडला, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं क्लासला, तशी होती का?

शिरोळची लेक
होती. दोन वर्षांत कॉलेजची पायरी चढली ती फक्त प्रॅक्टिकलला आणि हॉल तिकीट घ्यायला. क्लासवाले सांगायचे, "बोर्डाचं शेवटच्या महिन्यात बघू." नीटचे गोल रंगवायची सवय, आणि बोर्डाला रिअॅक्शन लिहून कारण द्यायचं होतं. वरनं त्या दिवशी अंगात ताप. पण सर, मला एक सांगा. पोरगी क्लासला होती तर कॉलेजात तिची हजेरी कोण लावत होतं?

खडूची धूळ
संस्था आणि क्लास यांचं साटंलोटं असतं. शिक्षकाला काय विचारता?

लातूर रिटर्न
वा सर! साटंलोटं संस्थेचं आणि पेन कुणाचं?

मी सातवेळा तरी हे बघितलंय. पोरं लातूरला नाहीतर राजारामपुरीतल्या क्लासला, आणि मस्टरवर ९२ टक्के हजर. २०१८ ला सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला, तेव्हाही पोरं अंगठा देऊन मागच्या गेटनं क्लासला जायची. ज्या कॉलेजात वर्गच भरत नाही तिथं अकरावीची फी कशाची घेतात?

उद्यमनगरवाला
हां, हे बरोबर बोलला. मास्तर, उत्तर द्या.

खडूची धूळ
तुम्ही पालक काय दुधखुळे होता? अॅडमिशनच्या वेळी कॉलेजात येऊन पहिला प्रश्न काय विचारायचात? "सर, अटेंडन्सचं काय टेन्शन नाही ना?" लॅब कुठं आहे हे एकानं विचारलं नाही. मी वर्गात मोल संकल्पना शिकवायचो तेव्हा समोर चार पोरं, त्यातली दोन पंखा आहे म्हणून बसलेली. शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढली ती पोरांनी शाळेच्या वर्गात बसावं म्हणून, क्लासच्या बेंचवर नाही.

गंगावेशीतला
महाराजांना प्रत्येक भांडणात आणायलाच पाहिजे का?

लातूर रिटर्न
सर, अजून सांगितलं नाहीत. पेन कुणाचं?

खडूची धूळ
माझं. झालं समाधान? आठ वर्षं मी मस्टरवर 'पी' लिहिले, न बघितलेल्या पोरांच्या नावापुढं. नाही लिहिलं तर तुकडी बंद, तुकडी बंद तर माझ्या हाताखालचे दोघे अतिरिक्त. तुम्ही सगळे हरिश्चंद्र, मी एकटाच पापी. आणि त्याच पोरांचे बोर्डाचे पेपर तपासताना कोरी पानं मीच उलटलीत, तेही लिहून घ्या.

ॲप्रनवाला
सर, शांत व्हा. तुमच्यासारख्यांनी निदान कबूल तरी केलं.

मी तीनदा नीट दिली. २०२३ चं सोडा. २०२४ ला ५९० पडले. घरात पेढे आणले आणि मग कळलं की ७२० पैकी ७२० वालेच पहिल्या निकालात ६७ आहेत. सरकारी एमबीबीएस लांबच राहिलं. २०२५ ला पेपर असा आला की फिजिक्सच्या पहिल्या पानाला हात थरथरला. देशात पहिल्याला ६८६. मला ५३०, आणि लागलं! साठ मार्क कमी पडून सीट मिळाली. त्यामुळं 'एकदा झेपलं नाही ते दुसऱ्यांदा काय झेपणार' हे काकांचं वाक्य चुकीचं आहे, आणि 'कष्ट केले की मिळतंच' हेही तितकंच चुकीचं.

त्या वर्षात सगळ्यात अवघड काय होतं माहितीय? गणपतीत घरी येणारे पावणे. "काय करतोस सध्या?" मी माळ्यावर जाऊन बसायचो.

शेजारीण काकू
एवढं बोललात सगळे, पण कुणी हे बोललं नाही. माझ्या भावाला १९९८ ला दोन वर्षं रिपीट करू दिलं, शेवटी त्यानं औषधांचं दुकान टाकलं. मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क होते. मला बीए, आणि एकविसाव्या वर्षी मांडव. पोरीचं वर्ष 'वाया' जातं, पोराचं वर्ष 'तयारीत' जातं. ताई, पोरगीच्या जागी पोरगा असता तर तुमचा भाऊ एवढा विचार करत बसला असता का?

आता तर सरकारनं २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अभिमत आणि खासगी विद्यापीठात नाही, पण बाकीकडं आहे. मग पैशाचं कारण तरी पुढं करू नये.

शिरोळची लेक
काकू, भावाला हे वाचून दाखवलं. तो उठून गोठ्यात गेला. म्हणजे लागलं त्याला.

उद्यमनगरवाला
काकू, माझ्या घरात उलट आहे. पोरीनं पहिल्या फेरीत डिप्लोमा घेतला, गोकुळ शिरगावात नोकरी करते. रिपीट पोरानं केलं. क्लासला पावणेदोन लाख भरले, पहिला हप्ता पोरीच्या पगारातनं. नीटला पहिल्या वर्षापेक्षा ११ मार्क कमी. दुपारी एक वाजता त्याला मी खरंच रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी बघितलंय. मी गाडीवरनं तसाच पुढं गेलो, हाक मारायचं धाडस झालं नाही. आता तुम्हीच सांगा, मी पोस्ट काय लिहायची होती?

ॲप्रनवाला
काका, हे आधी लिहिलं असतं तर एवढं भांडण झालं नसतं.

उद्यमनगरवाला
सगळंच ग्रुपवर लिहायचं असतं का, भावा.

खडूची धूळ
ताई, पोरीला वर्ष द्यायचंच असेल तर एक अट. पुन्हा इंटिग्रेटेड नको. श्रेणीसुधारचा, म्हणजे मार्क वाढवायला बोर्ड परत द्यायचा, अर्ज कॉलेजातनं भरा आणि दिवाळीपर्यंत सकाळी दोन तास फक्त बोर्डाचं पुस्तक, हातानं लिहून. एमसीक्यू नाही. बोर्ड पुस्तकाबाहेर जात नाही, आणि नीटची केमिस्ट्रीही मग सोपी जाते. मंगळवार आणि शुक्रवारी माझ्याकडं पाठवा, पैसे नकोत. हजेरी मात्र मी खरी लावीन.

लातूर रिटर्न
सर, हे वाक्य फ्रेम करून लावा.

शिरोळची लेक
पाठवते सर. शिरोळहून पहिली एसटी धरेल. कुणाकडं बालभारतीची बारावीची केमिस्ट्री-फिजिक्सची पुस्तकं आहेत का? तिची तिनं निकालाच्या दिवशी रद्दीत घातली.

उद्यमनगरवाला
माझ्याकडं दोन्ही आहेत. कोरी करकरीत, पोरानं आतलं पानसुद्धा दुमडलं नाही. शनिवारी कारखान्यावर या, गेटवर ठेवतो. आणि पोस्ट मी काढणार नाही, फक्त त्यातली ती भेळ काढतो.