मदत हवी आहे: मधुमेह असलेल्या आईला डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासायला न्यायचं आहे

आई ६८ वर्षांची, मधुमेह १४ वर्षांपासून. चष्म्याचा नंबर भांडुप स्टेशनजवळच्या दुकानात काढतो आणि डोळे तपासणं म्हणजे एवढंच, असं आम्ही समजत होतो. परवा साखरेच्या डॉक्टरांनी विचारलं, "पडदा शेवटचा कधी तपासलात?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मधुमेह कळल्यापासून दरवर्षी तपासायला हवा होता म्हणे. १४ वर्षांत एकदाही नाही. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आई म्हणाली, "सुईत दोरा ओवता येतो मला, मग कशाला?" पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडायला लागल्या तरी सुरुवातीला दिसण्यात फरक पडत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिला पटलं. पण मावशीला मागे डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागलं होतं. आईला वाटतं, गेल्या गेल्या सुई टोचतील.

मंगळवारी दादरला सकाळी ११ची वेळ मिळाली आहे. आत नेमकं काय करतात? उपाशी न्यायचं का? परत लोकलने आणता येईल? मला तिला सगळं आधी सांगून ठेवायचं आहे. डॉक्टर घाईत दिसले की ती काही विचारत नाही, नुसती मान हलवते.

प्रतिसाद १
ताई, बाबांना दरवर्षी नेतो. आधी तक्ता वाचायला लावतात. मराठी अक्षरांचा मागून घ्या, बाबा इंग्रजीवर उगाच अडखळायचे. मग डोळ्यातला दाब. काही ठिकाणी हवेचा झोत मारून मोजतात, दचकायला होतं पण दुखत नाही. दाबाचा आकडा साधारण १० ते २१ आला तर ठीक समजतात. त्यानंतर डोळ्यातली बाहुली मोठी करायचे थेंब. चुरचुरतात जरा. अर्धा तास डोळे मिटून बसायचं. मधुमेह असलेल्यांची बाहुली कधी कधी उशिरा मोठी होते, मग पुन्हा थेंब घालतात. शेवटी प्रखर उजेडात पडदा बघतात. सुई यात कुठेच नाही. इंजेक्शन लागलंच तर ते तुम्हाला समजावून, डोळा बधिर करूनच देतात.

उपाशी अजिबात नेऊ नका. नाश्ता, गोळ्या रोजच्या वेळी, आणि डबा सोबत. दोन-अडीच तास धरून चाला. घरात कोणाला काचबिंदू असेल तर थेंब घालण्याआधी सांगा.

प्रतिसाद २
येताना लोकल नको. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. दादरचा जिना, गाडी आणि फलाटातली फट, त्यात गर्दी. तिथे रिक्षा नाही, टॅक्सीच करा. काळा चष्मा न्या. आणि साखर वरखाली होत असेल तर नवा चष्मा लगेच करू नका. साखरेबरोबर नंबरही हलतो. आमचे दोन चष्मे असेच वाया गेले.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. सुई नाही हे तिने दोनदा विचारून घेतलं. काचबिंदूचं मावशीला फोन करून विचारलं, तर आजीला होता म्हणाली. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. फाइलीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे.