गुडघेबदल शस्त्रक्रिया आणि एकाच दिवसाचं अँटिबायोटिक: मदत हवी आहे

आईच्या (वय ६८, मधुमेह आहे) गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया दोन आठवड्यांवर आली आहे. सर्जन म्हणाले, ऑपरेशनच्या आधी सेफाझोलिनचं इंजेक्शन, नंतर फार तर एक-दोन डोस, आणि चोवीस तासांत अँटिबायोटिक बंद. हे ऐकून मावशीने डोळेच विस्फारले. तिच्या खुब्याच्या वेळी सात दिवस इंजेक्शनं होती, वर घरी गोळ्या. "एवढा सांधा बसवणार आणि औषध एकच दिवस?" आता आई धास्तावली आहे. खरं सांगायचं तर मीही.

दुसरा घोळ. आईला लहानपणी पेनिसिलिनने पुरळ आलं होतं असं आजी सांगायची. किती, कसं, कुणालाच माहीत नाही. सर्जनना हे सांगायचं राहिलंच. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
मी भूलतज्ज्ञ आहे. या औषधाचं खरं काम त्वचेवर पहिला छेद जातो तेव्हा असतं. त्या क्षणी ते तिथल्या ऊतींत (मांस-कातडीत) पोचलेलं हवं, म्हणून सेफाझोलिन छेदाआधीच्या ६० मिनिटांत देतात. गुडघ्यात तर मांडीचा पट्टा फुगवण्याआधीच पूर्ण डोस जायला हवा, कारण नंतर रक्तच खाली जात नाही. ऑपरेशन चार तासांच्या पुढे लांबलं तर टेबलावरच पुन्हा डोस.

जखम शिवून झाल्यावर औषध लांबवल्याने संसर्ग कमी होत नाही. जुलाब, मूत्रपिंडावर ताण आणि औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर ते लांबवू नये असंच सांगितलं. मावशींच्या वेळची पद्धत वेगळी असेल, किंवा त्यांना वेगळं काही कारण असेल.

पुरळाचं मात्र आजच फोन करून कळवा. सेफाझोलिन पेनिसिलिनच्या नात्यातलं असलं तरी त्याच्या रेणूची बाजूची साखळी वेगळी आहे, त्यामुळे साध्या जुन्या पुरळानंतर ते बहुधा देता येतं. श्वास लागणं, चेहरा सुजणं, कातडी सोलली जाणं असं काही झालं असेल तर गोष्ट वेगळी. पर्यायी व्हँकोमायसिन सावकाश, तासाभराहून जास्त वेळ द्यावं लागतं. त्यामुळे अॅलर्जी ऐन टेबलावर कळली की सगळंच वेळापत्रक कोलमडतं.

प्रतिसाद २
इंजेक्शनाइतकंच साखरेकडे बघा. आणि आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने पाय साफ करू नका, बारीक जखमांत जंतू घर करतात. (आमच्याकडे हा उत्साह झाला होता.)

धागाकर्ता
खूप आभार. फोन केला, परवा अॅलर्जीची तपासणी आहे. साखरही पुन्हा बघणार. अजून एक: आईची दाढ ठणकते आहे. ती गुडघ्याच्या आधी उरकायची की नंतर?

प्रतिसाद १
आधी, कारण दाढेतले जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊ शकतात. आणि तेही सर्जनना सांगा, गरज वाटली तर ते तारीख पुढे ढकलतील.