हंगामी धबधब्याच्या डोहात पोहायला कधी उतरावं?

रानवाट:
वर्षावनातला हंगामी धबधबा, खाली डोह. पाऊस भरात असताना जाऊ नये हे कळतं, पण उशीर केला की धार आटते. मग नेमकं कधी जायचं? आणि काठावरून खोली कशी ओळखायची?

कातळवेडा:
पावसाचा जोर ओसरल्यावरचे पहिले काही आठवडे. धार टिकून असते, पाणी निवळलेलं असतं. मध्येच मोठी सर आली तर दोन-तीन दिवस जाऊ द्या. गढूळ पाण्यात वाहून आलेले ओंडके दिसत नाहीत.

नितळ पाणी मात्र उलटं फसवतं. प्रकाश वाकत असल्याने सरळ वरून पाहिलं तरी ४ मीटरचा डोह ३ मीटरचाच वाटतो, तिरकं पाहिलं तर आणखी उथळ. दोरीला दगड बांधून चार-पाच जागी मोजा. गेल्या वर्षीचं माप यंदा धरू नका, पुरात गोटे सरकतात. सूर मारायचा विचार तर सोडूनच द्या.

झरा_०७:
धारेखाली जाऊ नका. वरून दगड येतात, शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने अंग नीट तरंगत नाही आणि उलटा प्रवाह पुन्हा धारेकडेच ओढतो. पाणी जिथून डोहाबाहेर पडतं, तिथे खाली दुसरा टप्पा असेल तर तिकडेही नको.

सगळ्यात मोठा धोका लोंढ्याचा. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पाणलोटात पाऊस पडत असू शकतो. उतरण्याआधी पाण्याच्या रेषेवरचा एक दगड हेरून ठेवा. तो बुडू लागला, पाणी मातकट झालं, पालापाचोळा येऊ लागला किंवा आवाज वाढला, की सामान तिथेच टाकून काठावर उंच चढा. ओढ्याच्या कडेने खाली पळू नका. परतीची वाट ओढा ओलांडून असेल तर सामान आणि माणसं आधीपासून परतीच्याच काठाला ठेवा.

रानवाट:
आणि जळवा?

कातळवेडा:
ओढू नका. बारीक टोकाखाली नख सरकवून तोंडाची पकड सोडवा, मग दुसरं टोक. मीठ किंवा विस्तव लावला तर ती पोटातलं जखमेत ओकू शकते. लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, तेव्हा जागा धुऊन दाबून धरा.

अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथून शिरतात. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, म्हणजे तोवर डोह विसरलेला असतो. डॉक्टरांना आवर्जून सांगा.