छोटा कुत्रा दत्तक घेतोय, सल्ला हवा आहे

रानजाई:
नमस्कार मंडळी. बराच काळ 'घ्यायचा का, घ्यायचा का' चालल्यावर अखेर घरात एकमत झालं. शेल्टरमधली एक मादी पक्की केली आहे. वय अंदाजे २ वर्षं, वजन जेमतेम ५ किलो, जात सांगता येणार नाही, कान मात्र अंगाच्या मानाने भलतेच मोठे. नसबंदी आणि लसीकरण झाल्याची नोंद कागदावर आहे. येत्या शनिवारी आणायची आहे.

घरात आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. लेकीने आत्तापासूनच अर्ध्या वर्गाला 'बघायला या' सांगून ठेवलंय. सासूबाईंचा विरोध नाही, पण 'माझ्या पायात नको' एवढी एकच अट. गुडघे दुखतात त्यांचे, त्यामुळे अट रास्त आहे. मी घरून काम करते, म्हणजे ती एकटी अशी फारशी राहणार नाही.

आता प्रश्न. पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं? रात्री कुठे झोपवायची? भेटायला गेलो तेव्हा ती कोपऱ्यातच बसून होती, हात पुढे केला तर तोंड फिरवलं. आम्ही आवडलो नाही का तिला? छोट्यांची काही वेगळी काळजी असते की कुत्रा तो कुत्रा? आणि सामानाची यादी हाताबाहेर गेली आहे, कृपया काटछाट करून द्या.

खडूस_काका:
अभिनंदन. यादी न बघताच सांगतो, अर्धी खोडा. महागडी गादी नको, जुनं पांघरूण घडी करून ठेवा. कपडे नकोत, खेळण्यांचा ढीग नको. लागतं ते एवढंच: दोन जड, न सरकणारी भांडी, अंगाला नीट बसणारा हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसतो तो), साधा पट्टा (आपोआप लांब होणारे रीळवाले नकोत, ऐन वेळी आवरता येत नाहीत), फोन नंबर कोरलेला बिल्ला आणि ने-आण करायला जाळीची पेटी.

शेल्टरवाल्यांना विचारा ती सध्या काय खाते. निदान पहिला आठवडा तेच द्या. बदलायचं असेल तर ७ ते १० दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. एकदम बदललंत तर पोट बिघडणार आणि तुम्ही 'जुलाब होतायत, काय करू' असा दुसरा धागा काढणार.

साळुंकी:
तोंड फिरवलं म्हणजे आवडला नाहीत असं नाही. 'जरा दमानं घ्या' असं म्हणाली ती. तुम्ही थांबलात ना? मग सुरुवात चांगली झाली आहे.

मी शेल्टरमधल्या कुत्र्यांना तात्पुरतं घरी सांभाळते, त्यात लहान चणीचे पुष्कळ. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट हटकून दिसते. मोठ्या कुत्र्याने मान वळवली की माणूस आपसूक थांबतो. ५ किलोच्या कुत्र्याने वळवली तर त्याला सरळ उचलून मांडीवर घेतात. मग तो ओठ चाटतो, जांभया देतो, डोळ्यांतला पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो. कोणाचं लक्ष नसतं, उलट 'किती गोड' म्हणून फोटो निघतात. शेवटी गुरगुरतो. त्यावर तर सगळे हसतातच, कारण एवढ्याशा जिवाचं गुरगुरणं ते काय! मग एक दिवस दात लागतो आणि 'अचानक चावला' अशी बोंब होते. छोटे कुत्रे चिडके असतात म्हणतात, त्यातला बराचसा चिडकेपणा आपणच असा शिकवलेला असतो.

म्हणून सुरुवातीला तरी गरजेशिवाय कोणी उचलायचं नाही. लेकीने तर अजिबात नाही. तिला जमिनीवर बसू दे, कुत्रीकडे पाठ किंवा बाजू करून, हातात एखादं पुस्तक घेऊन. ती आपणहून आली, हुंगलं, तर छातीपाशी दोन-तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. ती आणखी सरकून टेकली तर पुन्हा. नुसतीच उभी राहिली किंवा निघून गेली तर विषय संपला. मुलांना हे लवकर जमतं, जड जातं ते मोठ्यांना. आणि डोक्यावर थोपटणं नको. वरून येणारा अनोळखी हात बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही.

गुरगुरली तर रागावू नका, लांब व्हा. तो इशारा आहे. ओरडून तो बंद पाडलात तर पुढच्या वेळी इशाऱ्याशिवाय चावेल.

वर्गाची आमंत्रणं कृपया रद्द करा. निदान दोन-तीन आठवडे कोणी पाहुणे नकोत.

रानजाई:
साळुंकीताई, लेकीला वाचून दाखवलं. आधी फुरंगटली, मग दारावर लावायला 'आत येऊ नये' अशी पाटी करायला बसली. पाटीवर कुत्र्यापेक्षा कान मोठे काढलेत.

काका, यादीतले तीन स्वेटर आत्ताच खोडले.

अर्धवट_झोप:
रात्रीचं सांगतो. पहिले काही दिवस तुमच्याच खोलीत, पलंगाशेजारी जमिनीवर तिचं अंथरूण. नव्या घरात, नव्या वासांत, अंधारात एकटं ठेवलं की केकाटणार, आणि ते हट्टाने नाही, घाबरून. कोणाचा तरी श्वास ऐकू आला तरी बराच फरक पडतो. पुढे हळूहळू अंथरूण दाराकडे, मग बाहेर सरकवता येतं.

खडूस_काका:
असहमत. एकदा खोलीत घेतली की ती पलंगावर आणि तुम्ही जमिनीवर. हॉलमध्ये उघड्या दाराची पेटी ठेवा, आत तिचं पांघरूण, वरून चादर. गुहेसारखी जागा आवडते त्यांना.

अर्धवट_झोप:
काका, पेटी खोलीतही ठेवता येते की! पेटी हवी की नको हा वाद नाहीच, पहिल्याच रात्री एकटं ठेवू नका एवढंच म्हणतोय. आणि पेटीत ढकलून दार लावणं तर नकोच. आत खाऊ टाका, तिची ती आत-बाहेर करू दे. शिक्षा म्हणून पेटीत घातलं की ती पेटी कायमची वाया गेली.

चिमटा_कापूस:
मी पशुवैद्यकाच्या दवाखान्यात मदतनीस आहे. 'कुत्रा तो कुत्रा' हे वागण्याच्या बाबतीत बरोबर, शरीराच्या बाबतीत नाही.

काकांनी हार्नेस म्हटलंय त्याला अनुमोदन, कारणही सांगते. लहान चणीच्या बऱ्याच कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, गळ्यातल्या पट्ट्याला हिसका बसला की त्रास होतो. बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला वारंवार आला तर दाखवायला आणा. याउलट, कधी कधी ती मान ताठ करून नाकाने जोरजोरात हवा आत ओढेल, घोरल्यासारखा आवाज येईल, तुमचा जीव घाबरा होईल. ही बहुतेक वेळा उलटी शिंक असते, आपोआप थांबते. तेवढ्यात मोबाइलवर चित्रण करून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतं.

सोफ्यावरून, हातातून उडी मारणं टाळा. या आकाराच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायांची हाडं बारीक, उडीने मोडतात आणि जुळायलाही त्रास देतात. सोफ्यावर बसवायचीच असेल तर खाली पायरी ठेवा. चालता चालता मागचा पाय दोन पावलं उचलून लंगडी घालते आणि पुन्हा नीट चालते, असं दिसलं तर गुडघ्याची वाटी सरकत असेल, तपासून घ्या.

दात! लहान जबड्यात ४२ दात दाटीवाटीने असतात, कीटण लवकर चढतं. कुत्र्यांची पेस्ट घेऊन हळूहळू ब्रशची सवय लावा. माणसांची पेस्ट नाही.

विषारी गोष्टी मोठ्या कुत्र्यालाही विषारीच, पण ५ किलोच्या अंगात फार थोडीही पुरते. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे, कांदा, लसूण, झायलिटॉल असलेलं बिनसाखरेचं च्युइंगम. आपली दुखण्याची औषधं, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, मनाने कधीही देऊ नका. सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या उशाशी असतात का? खाली पडलेली गोळी तिला तुमच्याआधी सापडेल.

पिसवा-गोचिडांचं औषध वजनाप्रमाणे असतं. मोठ्या कुत्र्याची कुपी अर्धी करून वापरायची नाही.

कागदावर लसी आहेत म्हणता, पण तारखा बघा. रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्वो या आजारांच्या लसीची पुढची तारीख कधी ते विचारा. कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक आणि नोंद तुमच्या नावावर करून घ्या. शेल्टरच्याच नावावर राहिलेल्या चिप खूप बघते मी.

चौथा_जिना:
सगळ्यांनी घरातलं सांगितलं, मी दाराचं सांगतो. नव्या कुत्र्याचा पहिल्या दिवसांतला सगळ्यात मोठा धोका म्हणजे निसटणं. त्याला अजून घर हे घर वाटत नसतं, नाव कळत नसतं, सुटला तर हाक मारून येणार नाही. आणि एवढुसा कुत्रा दाराच्या फटीतून कधी गेला ते कळतही नाही. शेल्टरपासून घरापर्यंत पेटीतच आणा, मांडीवर नाही. पेटी घरात आणून, मुख्य दार लावून मगच उघडायची. बाल्कनीच्या गजांमधून डोकं जातं का ते आजच बघा. डोकं गेलं तर अंगही जाईल. आजच जाळी लावा.

हार्नेस घालून दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट हवा. घाबरलेला कुत्रा उलटा मागे सरकतो आणि सैल हार्नेसमधून बाहेर येतो.

रानजाई:
बाल्कनीचे गज मोजले, फट मोठीच आहे. जाळीवाल्याला फोन केला. गोळ्यांचा डबा कपाटात गेला, त्यावरून सासूबाईंनी 'अजून आली नाही तर माझी जागा हलली' असा शेरा मारून घेतलाय.

त्यांच्या पायाचं काय करू? गळ्यात घुंगरू बांधावं असं नवरा म्हणतोय, म्हणजे चाहूल लागेल.

साळुंकी:
घुंगरू लगेच नको. बुजऱ्या कुत्र्याला स्वतःच्याच आवाजाने दचकायला होतं. सासूबाईंच्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं बुटकं फाटक लावा आणि त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेत तिचं अंथरूण, भांडी काही ठेवू नका. फरशीपेक्षा वेगळ्या, ठळक रंगाची चटई घ्या आणि चटईवर बसली की खाऊ, असं रोज थोडं थोडं करा. 'जागेवर' एवढा एक शब्द आला की अर्धं काम झालं. तोवर रात्री पॅसेजमध्ये मंद दिवा. खाऊ अगदी बोटाच्या पेरापेक्षा लहान हं, दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. या आकारात वजन पटकन चढतं आणि गुडघे तिलाही आहेत.

रानजाई:
आली! पेटीतून बाहेर यायला बराच वेळ घेतला, मग थेट माझ्या टेबलाखाली. आम्ही शहाण्यासारखे आपापल्या कामाला लागलो. पाणी प्यायली, खाणं हुंगून सोडलं. पण सकाळपासून शू नाही. खाली नेलं तर पायाशी चिकटून थरथरत उभी राहते. काळजी करू का?

चिमटा_कापूस:
नव्या जागी बरेच तास रोखून धरतात. खाली एकच शांत कोपरा ठरवा, दर वेळी तिथेच न्या, बोलू नका, पट्टा सैल सोडा, पाच-दहा मिनिटं नुसते उभे राहा. झाली की तिथल्या तिथे खाऊ. २४ तास उलटले तरी नाही, किंवा जोर करतेय आणि येत नाही असं दिसलं तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे. खाणं पहिला दिवस सोडलं तर चालेल, उद्याही तोंड लावलं नाही तर फोन करा.

रानजाई:
झाली. खाली नाही, हॉलमधल्या गालिच्यावर. :)

खडूस_काका:
स्वागत समारंभ पार पडला म्हणायचा. रागावू नका, नाक घासणं वगैरे जुने प्रकार तर नकोच. त्याने फक्त तुमच्यासमोर करायचं नाही एवढंच कळतं, मग सोफ्यामागे जाऊन करतात. अमोनिया असलेल्या द्रावणाने पुसू नका, तिला तो लघवीसारखाच वास वाटतो. यासाठी एन्झाइमवालं मिळतं ते वापरा आणि गालिचा काही दिवस गुंडाळून ठेवा.

अर्धवट_झोप:
एक राहिलं. तुम्ही घरून काम करता म्हणून ती एकटी राहणार नाही, असं पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंत. सोय म्हणून ठीक, पण सवय म्हणून धोक्याचं. चोवीस तास तुमच्या टेबलाखाली बसली की ज्या दिवशी बाहेर जाल त्या दिवशी शेजारी दार वाजवतील. ती जरा रुळली की सुरू करा: दार लावून जिन्यापर्यंत, लगेच परत. मग थोडं जास्त. ती ओरडायच्या आत परत यायचं, हे महत्त्वाचं. जाताना मिठ्या नकोत, आल्यावर आरडाओरडा नको. चावीचा आवाज झाला की धावत असेल तर अधूनमधून चावी उचला आणि कुठेच जाऊ नका.

रानजाई:
हे डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, चिप आणि लसींच्या तारखा तेव्हाच बघते. दवाखान्यात इतर कुत्रे असतील, तिला पेटीतच बसवून ठेवू का?

चिमटा_कापूस:
हो, आणि पेटी जमिनीवर नको, शेजारच्या खुर्चीवर ठेवा, वरून चादर. जमिनीवर ठेवली की येणारा प्रत्येक कुत्रा आधी तिच्या तोंडाशी नाक आणतो. आत जायची वेळ होईपर्यंत बाहेर थांबायची सोय असेल तर उत्तम, आधी फोन करून विचारा. आणि खाऊ बरोबर न्या, वजनकाट्यावर चढायला उपयोगी पडतो.